धूळ थांबवली कोर्टाने, मग मंचाने काय केलं? डिचोलीतल्या एका गावाचं प्रकरण

हे गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण आहे. गावाचं नाव देत नाही, माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत, आणि खाण कुणाची, पैसे देणारी संस्था कुठली हेही सांगणार नाही. २०१३ साली ह्या गावातल्या लोकांच्या मंचाचं मूल्यमापन करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी साखळीची, त्यामुळे रस्ता, धूळ, ट्रक हे सगळं मला लहानपणापासून माहीत, तरीपण ह्या कामात मला जे कळलं ते आधी माहीत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

गावाच्या वरच्या अंगाला लोहखनिजाची खाण, खालच्या अंगाला नदीवरची जेटी, आणि मधून एकच रस्ता. त्याच रस्त्यावर शाळा, देऊळ, पंचायत आणि निम्म्या गावाची घरं. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत खनिजाचे ट्रक ह्याच रस्त्याने खाली जायचे, जेटीवर बार्ज, म्हणजे मालवाहू होड्या, भरायचे आणि बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराला. हे जुनंच होतं, पण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधीपासून चीनची मागणी अशी वाढली की जे हलक्या प्रतीचं खनिज पूर्वी डंपवर टाकून द्यायचे त्यालाही भाव आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं. दहा टनाचा ट्रक धरा आणि सगळं ट्रकनेच गेलं असं समजा, तर पन्नास लाख खेपा होतात, आणि त्या सगळ्या दोन-चार तालुक्यांतल्या अरुंद रस्त्यांवरून. ह्या गावाच्या वाट्याला त्यातल्या किती आल्या ते कुठल्याच सरकारी कागदावर मला मिळालं नाही. मिळालं ते एका वहीत, त्याबद्दल पुढे सांगते.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. धूळ खाणारी घरं आणि ट्रकवाली घरं वेगळी नव्हती. नवऱ्याने बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतलेला, आणि बायको रोज सकाळी तुळशीवृंदावनावरची लाल माती ओल्या फडक्याने पुसतेय. दिराचा ट्रक, आणि भावजयीच्या वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेतात खाणीचा गाळ आलेला. त्यामुळे 'खाणवाले विरुद्ध गाववाले' असं चित्र जे पेपरात दिसायचं ते ह्या गावात एकाच जेवणाच्या पानावर बसलेलं असायचं.

मंच सुरू झाला २०१० मध्ये. शाळेच्या वळणावर एका ट्रकची एका मुलीच्या सायकलला धडक बसली, मुलगी वाचली, पाय मोडला. त्या रात्री देवळात बैठक झाली आणि भजनी मंडळ, महिलांचे दोन स्वयंसहाय्य गट, पालक-शिक्षक संघ, देवस्थान समिती, मुलांचा स्पोर्ट्स क्लब आणि शेतकरी असे सगळे मिळून एकत्र आले. एक निवृत्त गुरुजी अध्यक्ष, आणि एक तरुण मुलगी समन्वयक. बाहेरच्या एका संस्थेने तिचं मानधन, झेरॉक्स, प्रवास, विहिरीच्या पाण्याच्या तपासण्या ह्यासाठी तीन वर्षांचा छोटा निधी दिला.

ह्या लोकांच्या डोक्यात यश म्हणजे काय ह्याचं चित्र कुठून आलं होतं तेही सांगायला पाहिजे. गोव्यात चळवळ जिंकली म्हणजे काहीतरी रद्द झालं. १९९५ मध्ये केरीतल्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकल्प गोव्याबाहेर गेला. २००७ च्या जानेवारीत जमिनीच्या वापराचा प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला, त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, नकोत असं जाहीर केलं. ही तिन्ही उदाहरणं गुरुजी प्रत्येक सभेत द्यायचे. त्यामुळे मंचातल्या सगळ्यांना वाटायचं, आपलंही काहीतरी असंच 'रद्द' झालं तरच आपण जिंकलो.

अडचण कुठे होती

निधीच्या अर्जात २०१० साली उद्दिष्ट लिहिलेलं होतं: गावातून होणारी खनिज वाहतूक ५० टक्के कमी करणे. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने खाणकाम आणि वाहतूक दोन्ही बंद केली. एका रात्रीत रस्ता रिकामा. आणि २०१३ मध्ये मंचाने संस्थेला अहवालाचा मसुदा पाठवला त्यात त्या उद्दिष्टासमोर लिहिलं, साध्य: १०० टक्के.

खोटं कुणी लिहिलं नव्हतं. वाहतूक खरंच शून्य झाली होती. पण बंदी आली ती बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल, गोवा फाउंडेशन ह्या पर्यावरण संस्थेची याचिका, दिल्लीतल्या सुनावण्या ह्यातून. खाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाची धूळ त्याच आठवड्यात थांबली, मंच असो नसो. संस्थेच्या बाईंना हे समजत होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं की हा मंच नेमका उपयोगी होता का ते सांग, पुढचे पैसे द्यायचे की नाही ते त्यावर ठरेल.

मी पहिल्यांदा गावात गेले तेव्हा दुसरीच अडचण समोर आली आणि ती मला जास्त मोठी वाटली. रस्त्याच्या कडेला ट्रक ओळीने उभे, टायर बसलेले, एकाच्या बॉनेटवर कोंबड्या. बँकेचे हप्ते थकलेले. एका ट्रकमालकाने मला पंचायतीच्या पायरीवरच गाठलं आणि विचारलं, "मंचाने खाण बंद केली असं तुम्ही लिहिणार काय? मग हप्तो कोण फारीक करतलो?" म्हणजे हप्ता कोण फेडणार?

तेव्हा मला कळलं की श्रेय आणि दोष ही ह्या अहवालातली एकच ओळ आहे. मंचाने वाहतूक थांबवली असं लिहिलं तर संस्थेकडे टाळ्या आणि गावात वैर. काहीच केलं नाही असं लिहिलं तर तीन वर्षं रात्री-अपरात्री धावपळ केलेल्या बायकांवर अन्याय, आणि तेही खरं नव्हतं.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सोपा होता: आधी किती, नंतर किती, वजाबाकी करून मोकळं व्हायचं. तो मी लगेच सोडला, कारण वर सांगितलं तसं त्या वजाबाकीत कोर्ट बसलं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे घरोघर जाऊन विचारायचं, मंचाबद्दल समाधानी आहात का. संस्थेला हे हवं होतं, कारण त्यातून आकडे निघतात. पण २०१३ च्या त्या वातावरणात समाधानाचा प्रश्न विचारणं म्हणजे तुमच्या घरात ट्रक आहे की नाही हेच विचारणं झालं असतं, आणि उत्तर मंचाबद्दल आलंच नसतं.

मंच आतून कसा चालतो हे मोजायच्या तयार प्रश्नावल्या मिळतात: एकमेकांवर विश्वास आहे का, निर्णय कोण घेतं, काम वाटलेलं आहे का, असलं सगळं. हा तिसरा मार्ग मी वापरला, पण थोडाच. मंच आतून छान चालतो म्हणून बाहेर काही बदललं असं होत नाही, हे मी दुसऱ्या कामांत बघितलेलं होतं. बैठका वेळेवर, इतिवृत्त सुंदर, चहा-बिस्किटं, आणि रस्त्यावर काही फरक नाही.

चौथा मार्ग, शेजारच्या गावाशी तुलना. तोच ट्रक, तोच रस्ता पुढे जाऊन दुसऱ्या गावातून जायचा आणि तिथे मंच नव्हता. बंदीनंतरची तुलना फुकट, पण २०१० ते सप्टेंबर २०१२ ह्या काळापुरती तुलना कामाची होती.

आणि पाचवा, जो मी मुख्य धरला. बदल आधी गोळा करायचे आणि मग प्रत्येक बदलाच्या मागे मागे चालत जायचं की हा कुणामुळे, कसा झाला. ह्याला आउटकम हार्वेस्टिंग म्हणतात, रिकार्डो विल्सन-ग्राऊ यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. त्याला जोडून कॅनडाच्या जॉन मेन यांचं कॉन्ट्रिब्युशन अ‍ॅनालिसिस, म्हणजे 'हे आमच्यामुळेच झालं' असं सिद्ध करत बसायचं नाही, तर आमचा वाटा होता असं म्हणायला पुरेसा पुरावा आहे का आणि दुसरं कुठलं कारण तेवढंच पटण्यासारखं आहे का हे प्रामाणिकपणे तपासायचं. नावं मोठी आहेत पण करायचं ते साधं असतं, पोलीस पंचनामा करतात तसं.

काय केलं

समन्वयक मुलगी, गुरुजी आणि मी बसलो आणि मंचाने केलेले दावे लिहून काढले. वाहतूक बंद हा दावा बाजूला ठेवला, उरले चार. रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरायला लागला. शाळा भरताना आणि सुटताना ट्रक थांबायला लागले. ग्रामसभेत ठराव झाला. आणि ओहोळातला गाळ खाणीने काढून दिला.

प्रत्येक दावा एकेका वाक्यात लिहिला आणि ठरवलं की प्रत्येकासाठी मंचाबाहेरचा निदान एक माणूस पाहिजे, ज्याला मंचाचं चांगलं बोलून काही मिळणार नाही. इथे गुरुजी नाराज झाले. म्हणाले, "आमच्या शब्दावर विश्वास नाही काय?" मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही शाळेत पेपर तपासलेत, मुलाने स्वतःचा पेपर स्वतः तपासलेला चालला असता का? ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनीच मला पंचायत सचिवाकडे नेलं.

मी ज्यांच्याशी बोलले त्यात मंचाचे लोक होते, ट्रकमालक होते, शाळेची मुख्याध्यापिका, सरकारी कदंबा बसचा एक ड्रायव्हर, शेजारच्या गावचा एक पंच, कृषी खात्यातला एक माणूस, आणि खाणीवर ट्रक सोडायच्या कामावर असलेला एक सुपरवायझर, जो आता घरी बसून होता आणि म्हणून मोकळेपणाने बोलला. त्याच्याकडे जायला मंचाच्या लोकांचा विरोध होता. पण समोरच्या बाजूच्या माणसाला 'तुम्ही तो निर्णय का बदललात' हे विचारल्याशिवाय दबाव पोचला की नाही हे कळणारच कसं?

आणि मग वही. शाळेच्या अलीकडे रस्त्याला लागून एक घर आहे, तिथल्या काकी शिवणकाम करतात. मशीन खिडकीशी. अपघातानंतर त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली आणि खिडकीतून जाणारा प्रत्येक भरलेला ट्रक लिहायला सुरुवात केली, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. प्रत्येक तासाला एक ओळ. मध्ये मध्ये मापं पण लिहिलेली, छाती ३६, बाही ९, कारण हाताशी तीच वही. जेवायला उठल्या की त्या तासापुढे 'जेवण' असं लिहून ठेवलेलं, आजारी पडल्या ते दिवस कोरे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मंचाने त्या वहीचा एकदाही वापर केला नव्हता, समन्वयक मुलीला ती आहे हेच माहीत नव्हतं. मी खिडकीशी उभी राहून पाणी प्यायले तेव्हा मशीनखाली ती दिसली म्हणून विचारलं, इतकंच.

काय सापडलं

टँकरचा दावा पडला. शेजारच्या गावच्या पंचाने सांगितलं की टँकर त्यांच्याकडेही त्याच महिन्यात सुरू झाला, आणि सुपरवायझर म्हणाला की तो पूर्ण मार्गासाठी होता, परवान्याच्या अटीत पाणी मारायचं होतंच. मंचाने मोर्चा काढला आणि दोन आठवड्यांनी टँकर आला म्हणून त्यांना ते आपलं यश वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, पण पुरावा नव्हता.

ठरावाचा दावा वेगळ्याच पद्धतीने पडला. ठराव झाला होता, इतिवृत्तात सूचक-अनुमोदकासकट लिहिलेला होता. मी सचिवाला म्हटलं जावक रजिस्टर दाखवा, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांची नोंद. त्या महिन्याची, पुढच्या महिन्याची, त्याच्या पुढच्या महिन्याची पानं उलटली. जावक क्रमांक नाही. म्हणजे ठराव पंचायतीच्या कपाटातून कधी बाहेर पडलाच नाही, खाण खात्याकडे नाही, मामलेदाराकडे नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नाही. गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले. दोन वर्षं ते प्रत्येक सभेत त्या ठरावाचा उल्लेख करत होते.

गाळाचा दावा अर्धा टिकला. कृषी खात्यातल्या माणसाचं म्हणणं, पंचनामा त्यांनी केला आणि त्यावरून गाळ काढायला लावला. पण मी विचारलं की त्या वर्षी बाकी किती ठिकाणी पंचनामे होऊनही गाळ निघाला नाही, तेव्हा तो म्हणाला पुष्कळ. मग इथेच का निघाला? तर पंचनाम्याच्या दिवशी गावातल्या बायका शेताच्या बांधावर उभ्या होत्या आणि नंतर दर सोमवारी त्यातल्या दोघी ऑफिसात येऊन बसायच्या, 'सायबांनू, झालं काय आमचं' म्हणून. त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. म्हणजे मंचाने गाळ काढला नाही पण फाइल मरू दिली नाही. अहवालात मी हेच वाक्य लिहिलं.

आणि शाळेच्या वेळेचा दावा पूर्ण टिकला. काकींच्या वहीत एका ठराविक सोमवारपासून सकाळी शाळा भरायच्या तासाची आणि दुपारी सुटायच्या तासाची ओळ अचानक रोडावते, दहा-बारा पंचकांवरून एक-दोनवर, आणि तशीच राहते. बस ड्रायव्हरने वही न बघता तेच सांगितलं, त्या वेळेला त्याची बस वळणावर अडकायची बंद झाली. शेजारच्या गावात तसं काही झालं नव्हतं. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, मोर्च्याने नाही झालं ते, मुख्याध्यापिका आणि सहा-सात आया सलग आठ दिवस सकाळी वरच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या, घोषणा नाही काही नाही, नुसत्या मुलांना घेऊन उभ्या, आणि ड्रायव्हर लोकच म्हणायला लागले की आम्ही ह्या वेळेला नाही निघत. त्यात गावचेच ट्रकमालक होते. त्यांचीच पोरं.

मंचाच्या स्वतःच्या अहवालात ह्या गोष्टीला दीड ओळ होती. मोर्च्याला दीड पान, फोटोसकट.

शाळेतली बैठक

आता हे सगळं कुणाला सांगायचं हा मोठा निर्णय होता. कराराप्रमाणे अहवाल संस्थेला द्यायचा होता, गावाला नाही. समन्वयक मुलीला भीती होती की दोन दावे पडले हे गावात कळलं तर मंच संपेल, ट्रकवाले हसतील. मला उलटी भीती होती, की आम्ही दारं बंद करून काहीतरी लिहितोय म्हटल्यावर लोक धरूनच चालतील की खाण बंद केल्याचं श्रेय घेतायत. दोन दिवस ह्यावर वाद झाला. शेवटी गुरुजी म्हणाले, जावक नसलेला ठराव मी उघड सभेत वाचला होता, तर जावक नव्हता हेही उघड सभेतच वाचतो.

रविवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली, ट्रकमालकांना मुद्दाम घरी जाऊन बोलावलं. गुरुजींनी पहिलंच वाक्य वाचलं: खाण मंचाने बंद केली नाही, कोर्टाने केली, आणि १०० टक्के हा आकडा आम्ही अहवालातून काढतोय. हॉलमध्ये कुजबूज झाली. मग टँकर, मग ठराव. शेवटी शाळेच्या वेळेचं वाचलं आणि काकींची वही सगळ्यांत फिरवली. मला पायरीवर गाठणारा ट्रकमालक वही हातात घेऊन बराच वेळ पानं उलटत होता, मग म्हणाला, "ह्यात माझ्या ट्रकच्या पण रेघा असतील." कुणीतरी हसलं. तो हसला नाही. म्हणाला, त्या आठ दिवसांत सगळ्यात आधी गाडी बंद करून खाली उतरलो तो मी, आणि हे कुठेच लिहिलेलं नाही.

ते मी अहवालात घातलं. मंचाच्या आघाडीत तो माणूस कधी मोजलाच गेला नव्हता, आणि सगळ्यात पक्का बदल झाला तो त्याच्यासारख्यांमुळे.

बैठक गोड झाली असं नाही. एक बाई रडली, तिच्या घरचा ट्रक बँकेने ओढून नेला होता. देवस्थान समितीचे दोघं उठून गेले आणि परत मंचात आले नाहीत. सगळे खूश झाले असं मी लिहिणार नाही.

पुढे काय झालं

संस्थेने निधी पुढे चालू ठेवला पण कमी केला, एका वर्षाचाच. मला वाटतं, खरा अहवाल दिल्याबद्दल मंचाला जास्त मिळायला हवं होतं. ज्यांनी स्वतःहून १०० टक्के खोडलं त्यांचे पैसे कापायचे आणि फुगवून लिहिणाऱ्यांना पुढचं अनुदान द्यायचं, असं चाललं तर कुठला मंच खरं लिहील? हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

मंचात पाच ट्रकमालक आले. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१५ उजाडलं. ह्या गावातून ट्रक परत सुरू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाळेच्या दोन वेळा सोडून वाहतूक करायची असं ठरलं, आणि ते मागायला गेले ट्रकमालकच. माझ्या दृष्टीने मूल्यमापनाचा खरा निकाल हा, २०१३ चा अहवाल नव्हे. पहिल्या वेळी आठ दिवस उभं राहावं लागलं, दुसऱ्या वेळी एका बैठकीत झालं. काकींनी वही परत काढली, ह्या वेळी समन्वयक मुलगी दर महिन्याला त्याची झेरॉक्स काढायची.

मग ७ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आला, खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द, १६ मार्चपासून परत सगळं बंद. समन्वयक मुलीला पणजीत नोकरी लागली, बैठका हळूहळू थांबल्या.

परत करायचं झालं तर

सुरुवातीला मोजमाप करून ठेवायला हवं होतं, हे सगळ्यात आधी. हवेतल्या बारीक धुळीचं, पीएम १० चं, राष्ट्रीय प्रमाण २००९ पासून ठरलेलं आहे, चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. २०१० मध्ये मंचाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज करून शाळेच्या गच्चीवर नुसती दोन आठवड्यांची मोजणी मागितली असती तर निदान सुरुवातीचा एक आकडा हातात असता. आमच्याकडे काकींच्या रेघा होत्या, त्या मोलाच्या, पण त्या ट्रक सांगतात, छातीत किती गेलं ते नाही सांगत.

उद्दिष्ट लिहिताना चूक झाली तीही इथेच सांगते. वाहतूक ५० टक्के कमी, हे गावाच्या हातात कधीच नव्हतं. दिल्लीतल्या आणि चीनमधल्या गोष्टींवर अवलंबून असलेला आकडा आपल्या कामाचं माप म्हणून घेतला तर तो पूर्ण झाला तरी आपला नाही आणि बुडाला तरी आपला नाही. शाळेच्या दोन तासांत रस्ता मोकळा, प्रत्येक ठराव महिन्याभरात बाहेर, असं लिहिलं असतं तर मंचाला स्वतःलाच दर तीन महिन्यांनी कळलं असतं आपण कुठे आहोत.

माझ्या कामातलं एक राहिलं ते मला अजून लागतं. डोंगराच्या वरच्या अंगाला धनगर-गवळ्यांची सात-आठ घरं आहेत. त्यांची झर आटली होती, खाणीच्या खड्ड्यामुळे असं ते म्हणायचे. मंचाच्या एकाही बैठकीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं आणि मीही त्यांच्याकडे गेले ती अहवाल दिल्यानंतर, दुसऱ्याच कामाने. तिथल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "मंच म्हणजे खालचे लोक ना?" आघाडी किती संघटनांची आहे हे मी मोजलं होतं, कोण बाहेर राहिलं हे मोजलं नव्हतं. तसंच परप्रांतातून आलेले पगारी ड्रायव्हर, जे रात्री ट्रकमध्येच झोपायचे आणि सगळ्यात जास्त धूळ खायचे, त्यांच्यातल्या एकाशीही बोलणं झालं नाही, कारण बंदी आल्याबरोबर ते गावी गेले होते. मूल्यमापन तीन वर्षं संपल्यावर न करता पहिल्या वर्षीच थोडंसं केलं असतं तर ते भेटले असते.

आणि वही. एखादी आघाडी काय काम करते हे बघायला जाताना मी आता पहिल्या दिवशी अध्यक्षांकडे बसत नाही, रस्त्याकडेच्या खिडक्यांत कोण बसतं ते विचारते.

२०२२ च्या शेवटापासून खाणींच्या नवीन ब्लॉकचे लिलाव झाले, २०२४ पासून डिचोलीत परत खाणकाम सुरू झालं, आणि ह्या गावात पुन्हा बैठका चालू झाल्या आहेत. गुरुजी आता ऐंशीच्या पुढे. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा ग्रामसभा होती, रस्त्याच्या वेळांबद्दलचा ठराव हात वर करून मंजूर झाला, लोक उठून चहाकडे गेले. गुरुजी मात्र सचिवाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. सचिव म्हणाला, गुरुजी, उद्या घालतो. गुरुजी म्हणाले, "चालेल, मी बसतो." सचिवाने रजिस्टर काढलं, पत्र टाइप केलं, क्रमांक घातला, आणि गुरुजींनी तो क्रमांक आपल्या हातावर पेनाने लिहून घेतला, मग उठले.